द्रवाला जागा जास्त का लागते?

मेण वितळवून वाटीत ओतले आणि तसेच थिजू दिले, तर कडेने ते वाटीला धरून राहते आणि मधोमध खळगा पडतो. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेल थिजायला लागले की पांढरे कण तळाशी बसतात आणि पातळ तेल वर राहते. शिसे, तांबे, ॲल्युमिनियम, सोने, गंधक, रोजच्या जेवणातले मीठ, यांपैकी काहीही वितळवा, हेच घडते. वितळलेला पदार्थ पूर्वीपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि त्याच पदार्थाचा स्थायू तुकडा त्यात टाकला तर बुडतो. उलट वागणारे पदार्थ थोडेच आहेत. पण त्यांतले पाणी घरोघरी असल्यामुळे सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे गेले. शाळेत पाण्याचे असंगत आचरण शिकवतात, होपच्या उपकरणाची आकृती काढून घेतात, चार अंश सेल्सिअस हा आकडा पाठ होतो. अपवादाची इतकी सविस्तर ओळख होते आणि नियमाविषयी मात्र जवळजवळ काहीच सांगितले जात नाही. बहुतेक द्रव आपापल्या स्थायूंपेक्षा विरळ का असतात, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, कारण त्याचे उत्तर उघड आहे असे वाटते. ते उघड नाही. द्रव अवस्थेची ओळख करून देणाऱ्या या पुस्तकाची सुरुवात मुद्दाम याच प्रश्नापासून केली आहे, कारण त्याचे उत्तर शोधताना द्रव म्हणजे काय याविषयीचा एक पक्का बसलेला गैरसमज मोडावा लागतो.

तो गैरसमज एका चित्रातून येतो. शेजारी शेजारी तीन चौकोन. पहिल्यात ठिपके दाटीने, रांगेत. दुसऱ्यात थोडे सुटे. तिसऱ्यात दूरदूर पांगलेले. खाली लिहिलेले असते की स्थायूत कणांमधले आकर्षण जास्त म्हणून ते जवळ, द्रवात आकर्षण कमी म्हणून ते लांब. वायूपुरते हे ठीक आहे. उकळत्या पाण्याची वाफ होते तेव्हा तिला सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. द्रवाच्या बाबतीत मात्र हे स्पष्टीकरण मोजमापापुढे टिकत नाही. एक तर फरक फार लहान आहे. धातू वितळताना आकारमान बहुधा तीन ते सहा टक्के वाढते. पाच टक्क्यांची वाढ सगळ्या दिशांना सारखी वाटली, तर दोन अणूंमधले अंतर दोन टक्केसुद्धा वाढत नाही. शिवाय आकर्षण तुटत असते तर त्याची किंमत उष्णतेच्या रूपात मोजावी लागली असती. एक मोल शिसे वितळवायला सुमारे ४.८ किलोज्यूल पुरतात. त्याचाच वायू करायला सुमारे १८० किलोज्यूल लागतात. अणूंना एकमेकांच्या पकडीतून खरोखर सोडवण्याचा खर्च हा दुसरा आकडा सांगतो, आणि वितळताना त्याचा जेमतेम चाळिसावा हिस्सा खर्च होतो. म्हणजे वितळलेल्या शिशातले अणू एकमेकांना जवळजवळ पूर्वीइतकेच घट्ट धरून असतात.

सगळ्यांत बोलका पुरावा मिठाचा आहे. क्ष-किरण किंवा न्यूट्रॉन द्रवातून जाताना कसे विखुरतात हे मोजले, की एका कणापासून किती अंतरावर सरासरी किती शेजारी आहेत याचा अंदाज बांधता येतो. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याचे आकारमान एकदम सुमारे २५ टक्क्यांनी वाढते. साध्या पदार्थांत ही वाढ चांगलीच मोठी म्हणायची. शाळेतले चित्र खरे असते, तर सोडियम आणि क्लोराइड आयनांमधले अंतर वाढलेले दिसायला हवे होते. प्रत्यक्षात ते किंचित कमी झालेले दिसते. कमी होते ती शेजाऱ्यांची संख्याही. स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड असतात, वितळलेल्या मिठात सरासरी पाचांपेक्षाही कमी. शेजारी थोडे जवळ आले, तरी पदार्थ पाव हिश्श्याने पसरला. हे एकच निरीक्षण नीट पचवले तर ‘द्रवातले कण एकमेकांपासून लांब गेलेले असतात’ हे वाक्य सोडून द्यावे लागते. जे बदलले ते शेजाऱ्यापर्यंतचे अंतर नसून शेजाऱ्यांची मांडणी आहे.

यावर कोणी म्हणेल, हा साधा उष्णतेने होणारा प्रसार आहे. तापवले की सगळेच फुगते, द्रव जास्त तापलेला म्हणून जास्त फुगलेला. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आरगॉनकडे आहे. आरगॉनचे अणू गोल, एकटे, रासायनिक बंधांच्या भानगडीत न पडणारे. म्हणून द्रवाचा अभ्यास करणाऱ्यांचा हा आवडता पदार्थ. निरपेक्ष शून्याजवळ एक मोल स्थायू आरगॉनला सुमारे २२.४ घन सेंटिमीटर जागा लागते. तिथून द्रवणांकापर्यंत, म्हणजे जवळपास ८४ केल्विनपर्यंत तापवत नेले की ती हळूहळू २४.६ होते. हा उष्णतेचा प्रसार. मग द्रवणांकावर, तापमान तसूभरही न वाढता, ती २४.६ वरून २८.२ वर उडी घेते. शून्यापासून द्रवणांकापर्यंतच्या सगळ्या तापवण्याने जेवढे फुगणे झाले, त्याहून जास्त त्या एका तापमानाला झाले. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण लिखाणात त्यांची सरमिसळ नेहमी होते. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवरचे बसाल्टचे उभे खांब लाव्हा थिजताना आक्रसला म्हणून तयार झाले असे सांगितले जाते. खरे तर त्या भेगा लाव्हाचा खडक झाल्यानंतर, तो स्थायू खडक निवत गेला तेव्हाच्या आकुंचनाच्या आहेत. आपला विषय आहे ती त्याआधीची, द्रवाचा स्थायू होतानाची उडी.

ही उडी का होते? फळवाला संत्र्यांचा मनोरा रचतो तेव्हा प्रत्येक संत्रे खालच्या तिघांच्या खोबणीत बसवतो. त्याच आकाराची संत्री टोपलीत नुसती ओतली, टोपली कितीही हलवली, तरी रचलेल्या मनोऱ्याइतकी ती दाट बसत नाहीत. योहान केप्लर यांनी १६११ साली हिमकणांवरच्या एका छोट्या पुस्तकात म्हटले होते की सारख्या गोलांची मनोऱ्यासारखी रचना सगळ्यांत दाट असते. तीत जागेचा सुमारे ७४ टक्के भाग गोलांनी व्यापलेला असतो. याची सिद्धता टॉमस हेल्स यांनी संगणकाच्या मदतीने १९९८ मध्ये मांडली आणि तिची काटेकोर तपासणी २०१४ मध्ये पूर्ण झाली. ओतलेल्या गोलांचा आकडा मोजून काढावा लागला, आणि तो सुमारे ६४ टक्के निघाला. हे मोजमाप ज्या काळात झाले त्याच काळात, १९५९ पासून पुढे, लंडनच्या बर्कबेक कॉलेजात जे. डी. बर्नाल द्रवाकडे भूमितीच्या नजरेने पाहत होते. त्यांच्या आधी द्रवाची कल्पना दोनच वाटांनी केली जाई: द्रव म्हणजे फार दाट झालेला वायू, नाहीतर ठिकठिकाणी मोडलेला स्फटिक. बर्नाल यांनी दोन्ही वाटा नाकारल्या. द्रव हा अणूंचा दाट, पण मुळातच बेशिस्त ढीग आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी गोळ्यांचा ढीग दाबून बसवला, त्यात काळा रंग ओतला, तो वाळल्यावर गोळ्या सुट्या केल्या आणि प्रत्येक गोळीवर शेजाऱ्यांच्या स्पर्शाच्या किती खुणा उरल्या ते मोजले. द्रवाच्या सिद्धांताची पायाभरणी इतक्या हाताळता येण्याजोग्या साधनांनी झाली, याचे आजही कौतुक वाटते.

बर्नाल यांच्या ढिगात जागा कुठे वाया जाते हे जवळून पाहण्यासारखे आहे. चार सारखे गोल एकमेकांना चिकटवले की चतुष्फलक तयार होतो आणि चार गोलांना याहून दाट बसवताच येत नाही. म्हणून जिथे जिथे संधी मिळते तिथे अणू असे चौकडीने बसतात. आता असे चतुष्फलक एका कडेभोवती रचत जावे. चतुष्फलकाच्या दोन पृष्ठांमधला कोन ७०.५ अंशांचा, पाच मांडले की ३५२.६ अंश भरतात. पूर्ण वर्तुळाला ३६० हवेत. सहावा मावत नाही आणि सात अंशांहून थोडी मोठी फट उरते. ही फट कोणत्याही युक्तीने बुजत नाही. भूमितीच तशी आहे. स्फटिक यावर तोडगा काढतो. तो प्रत्येक ठिकाणी सगळ्यांत दाट रचना करण्याचा हट्ट सोडतो, चतुष्फलकांच्या जोडीला अष्टफलक घेतो आणि अशी मांडणी करतो की ती कितीही दूरवर नेली तरी फट पडत नाही. द्रवातल्या अणूला दूरचे काही ठाऊक नसते. तो जवळच्या तिघा-चौघांशी उत्तम जुळवून घेतो आणि त्याची किंमत थोड्या अंतरावर, फटींच्या रूपाने भरली जाते. स्फटिकात बारा शेजारी असलेल्या आरगॉनच्या अणूभोवती द्रवात साधारण दहा-अकरा उरतात. (हा आकडा शेजार कुठे संपला असे धरता यावर थोडाफार बदलतो, म्हणून त्यातल्या दशांशावर फार विसंबू नये.) फटी एकेका अणूएवढ्या नसतात, त्या सगळीकडे थोड्याथोड्या वाटलेल्या असतात.

मग द्रव दाबला की या फटी बुजत का नाहीत? पाण्यावर हजार वातावरणांचा दाब दिला तरी त्याचे आकारमान चारेक टक्क्यांनीच घटते. रिकामी जागा आहे असे म्हणायचे आणि पदार्थ दबत नाही असेही म्हणायचे, हे एकमेकांत कसे बसते? याचे उत्तर मिठाच्या पुराव्यात येऊन गेले आहे. द्रवातले शेजारी एकमेकांना जवळजवळ खेटलेले असतात. फट बुजवायची तर कोणीतरी अणू तिच्यात सरकायला हवा आणि ती त्याला पुरेशी नसते. दाब देणाऱ्याला अखेर खेटलेल्या अणूंनाच आणखी जवळ दाबावे लागते. फट बुजवण्याचा खरा मार्ग सगळ्यांनी मिळून नव्याने मांडणी करणे हा आहे, आणि ती झाली की त्याला आपण गोठणे म्हणतो.

इथवर भूमिती झाली. पण एखाद्या भौतिकशास्त्रज्ञाला एवढ्याने समाधान वाटणार नाही. स्फटिक दाट बसतो हे खरे, पण तो बनतो कशामुळे? आकर्षणामुळे अणू एकत्र येऊन रांगेत बसतात, असे बरीच वर्षे गृहीत होते. १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर इथे बर्नी आल्डर आणि टॉमस वेनराइट यांनी संगणकावर असे गोल घेतले की ज्यांच्यात आकर्षण मुळीच नाही. ते एकमेकांवर आपटतात आणि एकमेकांत शिरू शकत नाहीत, एवढाच त्यांचा गुण. गोलांची दाटी वाढवत नेल्यावर ते आपण होऊन स्फटिकासारखे रांगेत बसले. त्या काळी हे इतके अविश्वसनीय वाटले की त्याच वर्षी एका परिषदेत तज्ज्ञांचे मत हात वर करून घेतले, तेव्हा मते जवळजवळ निम्मी निम्मी पडली. पुढे १९६८ मध्ये हूवर आणि री यांनी नेमके आकडे काढले: द्रव ४९.४ टक्के जागा भरलेला असताना गोठू लागतो आणि त्याच्या बरोबरीने असलेला स्फटिक ५४.५ टक्के भरलेला असतो. म्हणजे वितळताना सुमारे दहा टक्क्यांची वाढ. १९८६ मध्ये पीटर प्युसी आणि विल्यम व्हॅन मेगन यांनी प्लास्टिकच्या सूक्ष्म गोलांचे द्रवातले निलंबन घेऊन हे प्रयोगाने दाखवून दिले. अर्थ असा की द्रवाचे विरळ असणे आकर्षणाच्या कमीजास्तीवर मुळात अवलंबून नाही. दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की बेशिस्त ढिगात प्रत्येक गोल शेजाऱ्यांत अडकून पडतो. रांगेत बसले तर प्रत्येकाला आपल्या जागेभोवती हलायला थोडी मोकळीक मिळते आणि एकूण एन्ट्रॉपी, म्हणजे शक्य असलेल्या मांडण्यांचे माप, वाढते. शिस्तीत दाट बसता येते, बेशिस्तीला सैलपणा लागतो. आकर्षण या चित्रात नंतर येते आणि त्या दहा टक्क्यांचे कधी चौदा करते, कधी तीन.

धातूंच्या बाबतीत ते तीनाच्या बाजूला झुकते, आणि इथे मला या स्पष्टीकरणाची मर्यादा मान्य करावीशी वाटते. ७४ आणि ६४ या आकड्यांवरून कोणी हिशेब मांडला तर वितळताना सोळा टक्क्यांच्या आसपास वाढ यायला हवी. आरगॉन तिच्या जवळ जाते, धातू जात नाहीत. एक कारण भूमितीतच आहे. सोडियम, पोटॅशियम यांच्या स्फटिकांत अणू मुळातच कमी दाट, आदर्श गोलांच्या हिशेबाने ६८ टक्के, बसलेले असतात. त्यांना गमावण्यासारखे कमी असते आणि त्यांची वाढ अडीच टक्क्यांच्या आसपास राहते. ॲल्युमिनियम आणि सोने मनोऱ्याच्या मांडणीचे. त्यांची वाढ पाच-सहा टक्क्यांच्या घरात. पण शिसेही त्याच मांडणीचे असून त्याची वाढ साडेतीन टक्क्यांच्या आसपासच असते, तेव्हा नुसत्या भूमितीने काम भागत नाही. धातूत सगळ्या अणूंनी मिळून सोडलेले इलेक्ट्रॉन असतात, आणि त्यांची ऊर्जा अणूंच्या मांडणीपेक्षा एकूण आकारमानावर जास्त अवलंबून असते. मांडणी बिघडली तरी ते इलेक्ट्रॉन धातूला फार पसरू देत नाहीत. भूमिती दिशा सांगते. किती, हे बळे ठरवतात.

भूमितीची बाजू घेणारा आणखी एक पुरावा आहे आणि माझ्या मते तो सगळ्यांत स्वच्छ आहे, कारण त्यात द्रव नाहीच. क्वार्ट्झचा स्फटिक आणि क्वार्ट्झ वितळवून बनवलेली काच हे दोन्ही सिलिका, दोन्ही स्थायू, दोन्ही खोलीच्या तापमानाला. क्वार्ट्झची घनता दर घन सेंटिमीटरला २.६५ ग्रॅम, काचेची २.२०. तापमान तेच, कणांना कणांशी बांधणारे बंध तेच, अवस्थाही स्थायूच. फरक एवढाच की स्फटिकातली शिस्त काचेत नाही. तेवढ्याने घनता सतरा टक्क्यांनी खाली आली. पॉलिथिनमध्येही हेच. दुधाच्या पिशवीचे पॉलिथिन घन सेंटिमीटरला ०.९२ ग्रॅमच्या आसपास भरते, जाड डब्याचे ०.९५ किंवा थोडे जास्त. रसायन एकच; पिशवीच्या पॉलिथिनमध्ये रेणूंच्या साखळ्यांना फांद्या जास्त, म्हणून त्या नीट घडी घालून स्फटिकात बसत नाहीत, आणि जितका भाग स्फटिकात बसला नाही तितके प्लास्टिक हलके. प्लास्टिकच्या कारखान्यांत घनतेवरून मालाची प्रत ठरवतात ती याच आधारावर. तेव्हा स्थायू दाट आणि द्रव विरळ या नियमाच्या मुळाशी दुसरा, जास्त खोल नियम आहे: सुव्यवस्थित रचना दाट, अव्यवस्थित रचना विरळ. द्रव बहुधा विरळ असतो कारण तो अव्यवस्थित असतो.

‘बहुधा’ हा शब्द आता तपासायला हवा. बर्फ ०.९१७, शून्य अंशाचे पाणी ०.९९९८, पाणी गोठताना नऊ टक्के फुगते. सिलिकॉन २.३३ चे वितळून २.५७ होते, आणि म्हणून संगणकाच्या चिपसाठी सिलिकॉनचे दंड ओढले जातात तेव्हा स्थायू सिलिकॉन आपल्याच वितळलेल्या रसावर तरंगू शकते. जर्मेनियम, बिस्मथ, गॅलियम हेही या गटातले. हे सगळे नियम मोडतात असे दिसते. खोलातला नियम मात्र यांनीच उजळतो. यांच्या स्फटिकांत एक समान गोष्ट आहे: प्रत्येक अणू किंवा रेणू ठरावीक दिशांनीच बंध करतो. बर्फातल्या पाण्याच्या रेणूला चार शेजारी, सिलिकॉनच्या अणूला चार. सिलिकॉनच्या स्फटिकात गोलांनी भरलेली जागा ३४ टक्के. जिथे चौघांच्या पलीकडे कोणाला जवळ येऊच दिले जात नाही तिथे सुव्यवस्था म्हणजे पोकळ चौकट असते. ती वितळून मोडली की अणू त्या पोकळीत शिरतात. सिलिकॉन वितळताच त्याचे शेजारी चारांवरून सहाच्या घरात जातात, दिशांचा आग्रह सुटतो आणि तो द्रव धातूसारखा वीज वाहू लागतो. बर्फाची चौकट मोडून मिळालेली दाटी इतकी मोठी आहे की शंभर अंशाला उकळते पाणी, भरपूर तापून फुगल्यानंतरही, ०.९५८ म्हणजे बर्फापेक्षा दाटच राहते. होपच्या उपकरणातले चार अंशही याच कहाणीचा शेवटचा भाग आहेत: शून्याच्या वर पाण्यात उरलेली चौकटीची अर्धवट रचना मोडत जाते आणि त्याच वेळी उष्णतेचा प्रसार चालू असतो, चार अंशाला दोन्ही बरोबरीला येतात.

अशा अपवादांनी नियम पुसला जातो असे कोणी म्हटले तर त्याला दाब वाढवून पाहायला सांगावे. जेम्स थॉमसन यांनी १८४९ मध्ये नुसत्या तर्काने सांगितले की ज्या पदार्थाचा स्थायू विरळ, त्याचा द्रवणांक दाबाने खाली जाईल. पुढच्याच वर्षी त्यांचे भाऊ विल्यम, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन, यांनी बर्फावर ते मोजून दाखवले. एका वातावरणाला साडेसात सहस्रांश अंशाच्या आसपास. दाब वाढवत नेला की बर्फाचा द्रवणांक उणे २२ अंशांपर्यंत उतरतो, दाब दोन हजार वातावरणांच्या थोडा वर असतो, आणि तिथे ही घसरण थांबते. पोकळ चौकट दाबाखाली टिकत नाही. बर्फ दुसऱ्या, दाट मांडणीत जातो आणि ही नवी बर्फे पाण्यात बुडणारी आहेत. हार्वर्डमध्ये पर्सी ब्रिजमन यांनी १९१२ च्या सुमारास अशी बर्फे तपशिलाने तपासली. सुमारे दहा हजार वातावरणांच्या दाबाला पाणी खोलीच्या तापमानालाच गोठते, आणि बनलेले बर्फ पाण्यापेक्षा जड असते. तेव्हा पाण्याचे वेगळेपण हा पाण्याचा कायमचा स्वभाव म्हणता येत नाही. तो कमी दाबाखालच्या एका विशिष्ट बर्फाचा गुण आहे. पृष्ठभागावर राहणाऱ्या आपल्याला तेच एक बर्फ भेटते.

नियम आणि अपवाद एकाच साच्यात कसे एकत्र येतात ते पाहायचे असेल तर कोल्हापूरच्या फाउंड्रीत जावे. ओतकामात आकुंचनाचे तीन टप्पे धरतात: द्रव निवताना, द्रवाचा स्थायू होताना, आणि स्थायू निवताना. तिसऱ्यासाठी पॅटर्नच, म्हणजे ज्यावरून साचा उठवतात तो नमुनाच, थोडा मोठा करतात. पहिल्या दोहोंसाठी साच्यावर रायझर ठेवतात, म्हणजे जादा धातूचा साठा. नगातला धातू आक्रसेल तसा रायझरमधून रस खाली उतरत राहतो, आणि रायझर नगाच्या आधी गोठला तर नगाच्या पोटात पोकळी राहते. ॲल्युमिनियम आणि पोलादाच्या नगाला रायझर नीट द्यावाच लागतो. कास्ट आयर्नचे काम मात्र पुष्कळदा लहान रायझरवर, कधी रायझरशिवायही भागते. लोखंड तिथेही आक्रसतेच. पण गोठता गोठता त्यातला कार्बन ग्रॅफाइट होऊन बाहेर पडतो. वजनाने तीन टक्के ग्रॅफाइट, पण घनता सव्वादोनच्या आसपास असल्यामुळे आकारमानात जवळजवळ दहा टक्के. ग्रॅफाइटची रचनाही दिशांचा आग्रह धरणारी, थरांमध्ये अंतर राखणारी. एका नगात लोखंड आक्रसते आणि ग्रॅफाइट फुलते, आणि फाउंड्रीवाला या दोहोंची वजाबाकी मनात धरून साचा बांधतो. छापखान्याच्या खिळ्यांतही असाच हिशेब होता. मुंबईत निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी नावारूपाला आणलेले देवनागरी खिळे ज्या जातीच्या मिश्रधातूचे असत, त्यात शिशाबरोबर अँटिमनी घालत. त्याने खिळा कडक होई आणि गोठतानाचे आकुंचन कमी होऊन अक्षराची कड साच्याप्रमाणे धारदार उतरे.

याच गोष्टीचा सगळ्यांत मोठा परिणाम आपल्या पायांखाली ५,१५० किलोमीटर खोल आहे. पृथ्वीच्या गाभ्याचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा वेगळा आहे हे डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये भूकंपलहरींवरून ओळखले. आज आपल्याला ठाऊक आहे की सुमारे १,२२० किलोमीटर त्रिज्येचा तो गोळा स्थायू, मुख्यतः लोखंडाचा आहे आणि त्याभोवतीचा गाभा द्रव आहे. आत जावे तसे तापमान वाढते, तरी मधला भाग स्थायू आणि बाहेरचा द्रव. कारण लोखंडाचा स्थायू त्याच्या द्रवापेक्षा दाट. म्हणून दाबाने द्रवणांक वर जातो, आणि तो तापमानापेक्षा वेगाने वर जातो. लोखंड पाण्यासारखे असते तर गाभा मध्यापासून गोठला नसता, बाहेरच्या कडेकडून गोठला असता. तो मध्यापासून गोठतो म्हणूनच गोठताना नको झालेली हलकी मूलद्रव्ये खालून सुटतात, वर चढतात, द्रव लोखंड ढवळतात, आणि त्या ढवळण्याचा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला मोठा आधार आहे. भूकंपलहरी सांगतात की आतला गाभा लगतच्या द्रवापेक्षा पाचेक टक्क्यांनी दाट आहे. पण तीस लाख वातावरणांहून अधिक दाबाखाली द्रवातल्या फटी इतक्या चेपलेल्या असतात की नुसत्या गोठण्याने येणारा फरक दोन टक्क्यांच्या आतबाहेर यावा. उरलेला फरक द्रवात मागे राहिलेल्या हलक्या मूलद्रव्यांचा धरावा लागतो. ती ऑक्सिजन, सिलिकॉन, गंधक यांपैकी कोणती आणि किती, यावर भूभौतिकशास्त्रज्ञांत वाद चालू आहे, आणि त्या वादातल्या सगळ्या बाजू आधी याच दोन टक्क्यांचा हिशेब मांडून मग पुढे बोलतात.